भाकरी कोणाला मिळाली

साधारण नऊशे वर्षांपूर्वी, एखाद्या मंगळवारी, एका शहरात कोणत्या गरिबाला किती भाकऱ्या मिळाल्या हे आज आपण वाचू शकतो. शहर फुस्तात, म्हणजे आजच्या कैरोचा जुना भाग. भाकऱ्या वाटणारी तिथली ज्यू जमात. वाटप आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शब्बाथ या साप्ताहिक विश्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी. नाव आणि त्यापुढे भाकऱ्यांचा आकडा, अशा याद्यांवर याद्या.

त्या याद्यांमधली माणसं कोण? आंधळे, विधवा, पोरकी मुलं, रूमहून म्हणजे बायझंटाइन मुलखातून आलेले परके, नव्याने ज्यू धर्मात आलेले. कित्येकांना स्वतःचं नावही नाही. अमक्याची विधवा, तमक्या आंधळ्याची बायको, इतकीच ओळख. बखरी राजांच्या लिहिल्या जातात. मध्ययुगातल्या भुकेल्या बाईची नोंद कोण ठेवतो? इथे ती शेकड्यांनी आहे, आणि मला याहून मोठं ऐतिहासिक धन माहीत नाही.

हे टिकलं एका धार्मिक रिवाजामुळे. देवाचं नाव असलेला कागद ज्यू माणूस फेकून देत नाही. तो गेनिझात, म्हणजे सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळातल्या राखीव जागेत ठेवतो आणि पुढे जमिनीत पुरतो. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये हिब्रू लिपीतलं जवळपास काहीही त्या खोलीत टाकलं जाई: प्रार्थना, लग्नाचे करार, मलबारच्या किनाऱ्यावरून आलेली व्यापाऱ्यांची पत्रं आणि दानधर्माचे हिशेबही. रोजच्या व्यवहाराच्या कागदांची भाषा बहुतेक अरबी, अक्षरं हिब्रू. पुष्कळसं पुरायचं राहून गेलं आणि इजिप्तच्या कोरड्या हवेने ते सांभाळलं. सॉलोमन शेख्टर या विद्वानाने १८९६-९७ च्या हिवाळ्यात त्यातले सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. पुढे इतिहासकार श्लोमो गोइटाइन यांनी आयुष्यातली दशकं त्यांवर घालवली. मार्क कोहेन यांनी खास गरिबांचे कागद वाचले.

त्या कागदांतून दिसतं ते दयेपेक्षा व्यवस्थेचं चित्र. जमातीकडे दान मिळालेली घरं होती. ‘पारनास’ म्हणवणारे कारभारी त्यांची भाडी गोळा करत, डागडुजी करत, दिव्यांचं तेल आणत, पोरक्या मुलांच्या शिक्षकाचा पगार देत आणि प्रत्येक खर्च लिहून ठेवत. यामागे तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचे जुने नियम होते. निधी दोघांनी मिळून गोळा करायचा, वाटायचा मात्र तिघांनी. कारण पैशाच्या तंट्याचा निवाडा तिघांसमोर होतो आणि कोणाला किती द्यायचं हाही निवाडाच. निधीतली नाणी मोडायची तर वसुली करणाऱ्याने ती स्वतःच्या पैशांशी बदलायची नाहीत, दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्यायची. वाटेत नाणं सापडलं तर तेही स्वतःच्या खिशात नको, निधीच्या पेटीत टाकायचं. पाहणाऱ्याच्या मनात शंकेला जागाच उरू नये, इतका बारीक विचार!

आणि घेणाऱ्याचा मान? मदतीसाठी लिहिलेले अर्ज वाचताना घसा दाटून येतो. आजवर आपला चेहरा झाकलेला होता, आता तो उघडा करावा लागतोय, असं लोक पुन्हा पुन्हा लिहितात. कर्ज वाढलंय, आजार हटत नाही, डोईपट्टी थकलीय. ही डोईपट्टी म्हणजे बिगर-मुस्लीम पुरुषांवरचा जिझिया कर. तो थकला की तुरुंगाची भीती, म्हणून गरिबांचा कर भरणं हेही मोठं दान मानलं जाई. यादीत नाव लागणं टाळण्यासाठी पुष्कळ जण एखाद्या सधन माणसाला गुपचूप पत्र लिहीत. जमातीलाही ही लाज ठाऊक होती. दानाच्या आठ पायऱ्या सांगणारा ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीज याच शहरात राहत होता. त्याच्या लेखी देणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी राहणं ही दुसरी पायरी. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला उसने पैसे, भागीदारी किंवा काम देऊन अशा रीतीने उभं करणं, की त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये. दानावर जगणाऱ्यानेही आपल्यातलं थोडं दान करावं, असंही तो सांगतो. देण्याचा हक्क गरिबाकडून काढून घेतलेला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

या सगळ्याची खरी कसोटी युद्धात लागली. ११६८ मध्ये क्रुसेडरांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, इजिप्तमधलं बिल्बैस शहर घेतलं आणि तिथल्या ज्यूंना कैद करून नेलं. कैद्यांना सोडवणं हे ज्यू धर्मशास्त्रात सर्वांत निकडीचं दान. एका माणसाच्या सुटकेचा रूढ दर ३३ दिनार आणि वर एक तृतीयांश दिनार. त्या काळी साध्या कुटुंबाचा महिना दोन दिनारांत निघे, असा गोइटाइन यांचा अंदाज आहे. म्हणजे एका माणसापायी एका घराचा सव्वा वर्षाहून अधिक काळाचा खर्च. मायमोनिडीजने तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेली. स्पेनमधून परागंदा होऊन, मोरोक्कोमार्गे तो इजिप्तला आला होता. शहरात अजून नवाच होता. पण पैसे जमवण्यासाठी गावोगावी पाठवलेली त्याची पत्रं गेनिझात सापडली आहेत. आम्ही न्यायाधीश, वडीलधारे आणि विद्वान रात्रंदिवस सिनेगॉगमध्ये, बाजारात आणि घरांच्या दारांशी जाऊन लोकांना विनवत आहोत, स्वतःही ऐपतीप्रमाणे दिलं आहे, तुम्हीही तसंच करा, असं त्याने कळवलं आहे.