नोंदवहीतील नाव

डॉक्टरच्या दवाखान्यात पदवीचा कागद चौकट करून लावलेला असतो आणि दारावरच्या पाटीवर नावाखाली नोंदणी क्रमांक असतो. रुग्ण पदवी वाचतो. क्रमांकाकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक या दोहोंत अधिक मोलाचा आहे तो क्रमांकच. पदवी एकदा मिळाली की ती सहसा कोणी परत मागत नाही. नोंदणीचे तसे नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव राहावे म्हणून डॉक्टरला दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्या मुदतीत ३० तासांचे नवे शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. गैरवर्तन शाबीत झाले तर परिषद नाव काढूनही टाकते.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही की, आपण जे पाणी पितो, ज्या धुरात आणि आवाजात आपण आठ-आठ तास काम करतो, त्यांची तपासणी करणाऱ्या माणसाचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे?

हा प्रश्न आपल्या भागात तरी पुस्तकी नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तेव्हा भोवताली शेते होती. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. आणि कारखानदारी भोसरी ओलांडून चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. या वाढीबरोबर तपासणी करणारी माणसेही वाढली. पालिकेचा आरोग्य निरीक्षक आला, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी आला, कारखान्यातला सुरक्षा अधिकारी आला.

यांपैकी आरोग्य निरीक्षकाची वाट सर्वांत जुनी. स्वच्छता निरीक्षकाची पदविका घ्यावयाची (१९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था हा अभ्यासक्रम चालवीत आली आहे), आणि पालिकेत नेमणूक मिळवावयाची. त्यानंतर त्याला बांधतात ते नोकरीचे नियम. तो आपल्या साहेबाला जबाबदार असतो. आपल्या व्यवसायाला जबाबदार असावा अशी सोय वैद्यकात आहे तशी येथे झालेली नाही. पुष्कळ निरीक्षक मनापासून काम करतात, त्याला नियमाचा आधार मात्र नाही.

सुरक्षा अधिकाऱ्याची गोष्ट थोडी बरी. १९७६ मध्ये कारखाने कायद्यात घातलेल्या कलमाने १,००० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात तो नेमणे सक्तीचे झाले. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिने हा आकडा ५०० वर, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत २५० वर आणला. औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका हे त्याचे मुख्य शिक्षण. महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांत एक अट मोठी शहाणपणाची होती: बहुसंख्य कामगारांची भाषा अधिकाऱ्याला चांगली येत असली पाहिजे. चाकणच्या आजच्या शेडमध्ये ही भाषा कोणती, याचे उत्तर देताना एखादा परीक्षक गोंधळून जाईल!

पण २५० किंवा ५०० च्या आतले काय? भोसरीतल्या गल्लीत ६० माणसांची प्रेसशॉप असते. मालक स्वतःच सकाळी शटर उघडतो. त्याच्याकडे अधिकारी नसतो; कोणीतरी सल्लागार आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन येतो, अर्ध्या तासात अहवाल देतो आणि बिल देऊन जातो. कारखाना नियमांची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल अशी असते. आवाज ९५ वर गेला की मुभा चार तासांचीच, १०० वर गेला की दोनच. कानाला पुन्हा बरे होणे नाही. आवाजाने येणारा बहिरेपणा म्हणूनच कायद्याच्या कळवावयाच्या रोगांच्या यादीत घातला गेला. मोठा कारखाना आपल्या माणसाची पारख स्वतः करू शकतो. या मालकाला ते शक्य नाही. नोंदवहीची खरी गरज आहे ती त्याला, आणि त्याच्या प्रेसवर उभ्या असलेल्या मुलाला.

पाण्याच्या बाबतीत तर आपण सगळेच त्या मालकासारखे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे रोगाची साथ आली. पुणे परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली, पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले, आणि साऱ्यांचे लक्ष विहिरी व क्लोरीन यांकडे वळले. पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का, हे पाहण्याची ओटी टेस्ट गावचा जलसुरक्षकही करतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे. ही चाचणी सोपी असली तरी ती रोज झाली का, टाकीच्या टोकाला झाली का, हे आपल्याला घरी बसून कळत नाही.

परदेशात या व्यवसायाला नोंदवही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण-आरोग्य संघटनेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला दर दोन वर्षांत २४ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. न दाखविल्यास नोंद जाते. आपल्याकडे २०२१ मध्ये संमत झालेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने पहिले पाऊल टाकले. त्याच्या परिशिष्टात पर्यावरण संरक्षण अधिकारी आणि व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा अधिकारी ही नावे आहेत. पदविकेस किमान २,००० तासांचे शिक्षण हवे, आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीस ३,६००. आणि नावे राज्य परिषदेच्या नोंदवहीत यावयाची. कायदा कागदावर झाला म्हणजे वही भरली असे नव्हे. वही भरते ती राज्य परिषदेच्या कामाने, आणि तिच्याकडे ती मागणाऱ्यांनी.

तोवर छोट्या मालकाने निदान तीन गोष्टी मागाव्या. सल्लागाराची पदविका कोणत्या संस्थेची आहे ते पाहावे. त्याच्या यंत्राचे कॅलिब्रेशन कधी झाले, त्याचा दाखला घ्यावा. आणि मोजणी शेडच्या मधोमध झाली की कामगाराच्या कानाजवळ, व त्या वेळी किती प्रेस चालू होत्या, एवढे अहवालात त्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे.