फुल-फ्रेम मिररलेस घेताय? आधी माउंट ठरवा, मग बॉडी!

जळगाव/धुळे : लग्नसराई जवळ आली की खान्देशातल्या फोटो स्टुडिओंमध्ये एकच चर्चा रंगते. यंदा डीएसएलआर बाजूला ठेवायचा का? आणि ठेवला तर घ्यायचं काय, सोनी, कॅनन की निकॉन? नव्या बॉडीवरच साधारण दीड ते अडीच लाख रुपये जातात. त्यात मंगलाष्टकांचा क्षण हुकला तर तो पुन्हा मिळत नाही. म्हणूनच फक्त मेगापिक्सल पाहून हा निर्णय घेणं महागात पडू शकतं.

माउंट इतका महत्त्वाचा का?

फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. लेन्स जिथे बसते तो भाग म्हणजे माउंट आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, चांगली लेन्स मात्र दहा वर्षं साथ देते. त्यामुळे एकदा माउंट निवडला की पुढचा खर्च त्याच वाटेने होतो.

- सोनी ई : फुल-फ्रेम मिररलेसमध्ये २०१३ पासून. सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्सना मोकळी वाट असल्यामुळे कमी बजेटमध्येही भरपूर पर्याय.
- निकॉन झेड : २०१८ पासून. टॅमरॉनची लग्नासाठी सोयीची ३५-१५० एमएम लेन्स सोनीप्रमाणे इथेही मिळते.
- कॅनन आरएफ : २०१८ पासून. कंपनीच्या लेन्स दर्जेदार, पण महाग. सिग्मा-टॅमरॉनला २०२४ मध्ये दार उघडलं, पण सुरुवात लहान सेन्सरच्या एपीएस-सी लेन्सपासून झाली.
- एल माउंट : पॅनासोनिक, सिग्मा आणि लायका यांचा सामायिक माउंट. व्हिडिओवाल्यांनी आवर्जून पाहावा असा.

कपाटातल्या जुन्या लेन्सचं काय?

कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या ॲडाप्टरवर ऑटोफोकससह उत्तम चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडाप्टरवर एएफ-एस लेन्स चालतात. पण स्टुडिओंमध्ये अजूनही दिसणाऱ्या ५० किंवा ८५ एमएम ‘डी’ लेन्सचा ऑटोफोकस बंद पडतो. या लेन्समध्ये मोटर नसते आणि ॲडाप्टरमध्येही नाही. त्यामुळे आधी आपल्या लेन्सची यादी करा. चार चांगल्या ईएफ लेन्स असतील, तर सोनीवर जाण्याचा खरा खर्च बॉडीच्या किमतीपेक्षा बराच जास्त होईल.

मे महिन्यातली परीक्षा

बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापरासाठी कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ च्या पुढे जातो. अशा वेळी मांडवात सलग ‘फोर के’ शूटिंग करताना कॅमेरा तापून बंद पडू शकतो. सोनीमध्ये ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ हे सेटिंग ‘हाय’वर ठेवता येतं. पॅनासोनिकच्या एस५ टूमध्ये तर आतच पंखा दिलेला आहे. तरीही कॅमेरा उन्हात उघडा ठेवू नका आणि लांबलचक क्लिपऐवजी छोट्या क्लिप घ्या.

एलईडीचे पट्टे आणि दोन कार्ड

सायलेंट शटरमध्ये बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. त्यामुळे स्टेजवरच्या एलईडी लाइटखाली फोटोत आडवे पट्टे येतात. अशा ठिकाणी मेकॅनिकल शटर वापरा आणि विधी सुरू होण्याआधी टेस्ट शॉट घ्या.

कार्ड स्लॉटही मोजा. कॅनन आर८ स्वस्त आणि हलका आहे. पण त्यात एकच स्लॉट असून बॉडी स्टॅबिलायझेशन नाही. कॅनन आर६ मार्क टू, सोनी ए७ फोर आणि निकॉन झेड५ टू या तिन्हींत दोन स्लॉट आहेत. एक कार्ड करप्ट झालं तरी दुसऱ्यावर फोटो राहतात. लग्नाची ऑर्डर घेणाऱ्यांनी इथे तडजोड करू नये.

पक्षी टिपणाऱ्यांचं गणित वेगळं

हतनूर धरण किंवा यावल अभयारण्यात फिरणाऱ्यांसाठी बॉडीपेक्षा लांब लेन्स मोलाची. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० एमएम, दोन्हींचं ॲपर्चर ६०० एमएमवर एफ/६.३ राहतं. कॅननची २००-८०० जास्त लांब पोहोचते, पण शेवटच्या टोकाला एफ/९ होते. म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ वाढवावा लागतो.

मग घ्यायचा कोणता?

- ईएफ लेन्सचा साठा असेल तर कॅनन.
- एएफ-एस लेन्स असतील तर निकॉन.
- शून्यापासून सुरुवात असेल तर लेन्सच्या पर्यायांमुळे सोनी.
- दिवसभर व्हिडिओ असेल तर एल माउंटही पाहा.

आणखी एक गोष्ट तपासा. ज्यांच्यासोबत तुम्ही ऑर्डर करता, त्यांच्याकडे कोणती सिस्टीम आहे? ऐन वरातीत लेन्स किंवा बॅटरी बिघडली, तर मदतीला तोच मित्र येणार. अल्बममध्ये दोघांच्या फोटोंचा रंग जुळवणंही सोपं जातं.

बिल घ्याच

जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बिलाशिवाय मिळणारी ‘ग्रे’ बॉडी स्वस्त वाटते, पण भारतातील वॉरंटी हातची जाते. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला नियमांनुसार मिळणारं इनपुट क्रेडिटही बिलाअभावी बुडतं. बॉडी बिघडली तर ती कुठे पाठवायची आणि किती दिवसांत परत येईल, हे पैसे देण्याआधीच दुकानदाराला विचारा. सीझनमध्ये कॅमेरा पंधरा दिवस सर्व्हिसला अडकला, तर वाचवलेले पैसे दोन ऑर्डरींतच निघून जातील.