धातू लिंपणारी ज्योत

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. आज तिथे 130 मीटर लांबीचा एकसंध रूळ निघतो! लालभडक पोलादाचा ठोकळा रोलरांमधून दाबत दाबत लांबवायचा, की झाला रूळ. सरळसोट वस्तूला ही रीत झकास.

पण विमानातला एखादा वेडावाकडा टायटॅनियमचा भाग हवा असेल तर? बहुतेक वेळा मोठा ठोकळा आणून नको तेवढा कोरून काढतात. महागड्या धातूचा ढीगभर चुरा होतो. मग कोरण्याऐवजी लिंपत गेलं तर?

खिडकीच्या कोपऱ्यात घर बांधणारी कुंभारमाशी पाहिली आहे ना? चिखलाची गोळी आणते, थापते, पुन्हा उडते. इथे चिखलाच्या जागी असते धातूची तार किंवा पूड, आणि माशीच्या जागी प्लाझ्माची ज्योत.

प्लाझ्मा म्हणजे काय? आरगॉन वायूतून जोरदार वीज सोडली की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. असा वायू म्हणजे प्लाझ्मा. आकाशात कडाडणारी वीजही प्लाझ्माच. बारीक तोटीतून ही ज्योत दाबून बाहेर काढली की तिचं तापमान 10,000 अंशांच्याही वर जातं. सूर्याचा पृष्ठभाग असतो साधारण 5,500 अंशांचा! टायटॅनियम तर 1,668 अंशांनाच वितळतं. ज्योतीखाली धातूचं इवलंसं तळं होतं, ज्योत पुढे सरकली की ते थिजतं. एक रेघ झाली. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. कुठे वळायचं ते संगणक सांगतो. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन लगेच शोषतं आणि ठिसूळ होतं, म्हणून भोवती आरगॉनचा पहारा लागतो.

नॉर्वेच्या एका कंपनीने असे भाग बनवले आणि 2017 मध्ये बोइंग 787 विमानासाठी त्यांना मंजुरीही मिळाली. आपल्याकडे इंदूरच्या आयआयटीत थोड्या विजेवर चालणाऱ्या सूक्ष्म-प्लाझ्मावर संशोधन झालं आहे.

मात्र अशा भागाच्या अंगावर थरांच्या वळ्या राहतात, त्या नंतर घासाव्याच लागतात. आणि रूळ असे रेघारेघांनी बनवायला बसलो, तर गाडी कधी सुटायची?

कुंभारमाशीचं काम खुशाल जवळून बघा, फक्त तिला डिवचू नका. वेल्डिंगची किंवा प्लाझ्माची ज्योत मात्र उघड्या डोळ्यांनी मुळीच बघायची नाही. तिच्यातले अतिनील किरण डोळ्यांना भाजतात.