विश्लेषण : डोंगरात सायकल, ना गाड्यांची धास्ती, ना चढाची धाप… कशी?

इटलीच्या डोलोमाइट्स पर्वतरांगांत उन्हाळ्यात घाटरस्त्यांवर मोटारी आणि मोटारसायकलींची रीघ लागते. त्याच डोंगरांतला कलाल्त्सो ते दोब्बियाको हा ६० किलोमीटरहून लांब सायकलमार्ग मात्र बहुतांश वाहनमुक्त आहे.

मार्ग कसा तयार झाला?

ही मुळात रेल्वेची वाट. येथे १९२१ मध्ये नॅरोगेज गाडी सुरू झाली. कोर्तिनातील १९५६च्या हिवाळी ऑलिम्पिकचे प्रेक्षकही तिने वाहून नेले. पुढे प्रवासी रस्त्याकडे वळले आणि १९६४ मध्ये ती बंद पडली. रूळ गेले, बोगदे, पूल राहिले.

चढ सौम्य का?

रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही. त्यामुळे अभियंत्यांनी वाट हळूहळू चढवत नेली. म्हणूनच १,५३० मीटर उंचीची चिमाबांके खिंडही फारशी दमछाक न होता गाठता येते.

काय काळजी घ्यावी?

कोर्तिनानंतर दोब्बियाकोकडे खडीची वाट लागते. तेथे रुंद टायर बरे. बोगद्यांसाठी दिवा हवाच. वाटेवर पायी चालणारेही असतात.

रेल्वेची जागा सलग शाबूत राहिली, म्हणून हे जमले. तिचे तुकडे पडले असते, तर सायकलस्वारांना पुन्हा घाटातल्या वाहतुकीतच शिरावे लागले असते.