गुणाकारातील अनिश्चितता : शिसे आणि दैनिक मात्रा

शार्ङ्गधरसंहितेच्या आरंभीच्याच अध्यायात मानाचे विवेचन आहे. मानाचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. तथापि कोणतेही मापन पूर्णतः अचूक नसते आणि दोन मापनांचा गुणाकार केला असता दोहोंतील अनिश्चितता उत्तरात उतरते, याकडे सहसा लक्ष जात नाही. तिचे गणित येथे थोडक्यात मांडीत आहोत.

वनस्पतिज आयुर्वेदीय औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाली. शिशाची कमाल मर्यादा १० पी.पी.एम., म्हणजे दर ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम आहे. परंतु रुग्णाच्या पोटात प्रत्यक्ष किती शिसे जाते, हे केवळ या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी शिशाचे प्रमाण आणि दैनिक मात्रा यांचा गुणाकार करावा लागतो.

समजा, एका चूर्णाच्या अहवालात शिसे दर ग्रॅममागे ८.० ± ०.८ मायक्रोग्रॅम आहे. रुग्ण दररोज चमच्याने ५ ग्रॅम चूर्ण घेतो. पण चमचा कधी सपाट, कधी शिगोशीग भरला जातो. म्हणून मात्रा ५ ± १ ग्रॅम धरू. गुणाकार ४० मायक्रोग्रॅम येतो.

आता अनिश्चितता पाहू. एकीचे एकक मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम, दुसरीचे ग्रॅम; म्हणून त्यांची थेट बेरीज करता येत नाही. प्रत्येकीस तिच्या मूल्याने भागून सापेक्ष अनिश्चितता काढावी. ती येथे अनुक्रमे १० व २० टक्के आहे. त्यांच्या वर्गांची बेरीज १०० + ४०० = ५०० आणि तिचे वर्गमूळ सुमारे २२. चाळिसाचे २२ टक्के म्हणजे सुमारे ९; म्हणून उत्तर ४० ± ९ मायक्रोग्रॅम. दोन्ही चुका परस्परांपासून स्वतंत्र असल्याने त्या एकाच वेळी एकाच दिशेस जाण्याचा संभव कमी असतो; यास्तव सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करतात.

यातून व्यवहारोपयोगी बोध निघतो. अधिक खर्च करून तपासणीची अनिश्चितता १० वरून ४ टक्क्यांवर आणली, तरी उत्तर ४० ± ८ इतकेच सुधारते. उलट, चमच्याऐवजी वजन केलेल्या पुड्या दिल्या आणि मात्रा ५.० ± ०.१ ग्रॅम राखली, तर तेच उत्तर ४० ± ४ होते. सर्वांत मोठी सापेक्ष अनिश्चितता जेथे असेल, तेथेच प्रथम उपाय योजावा.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. प्रयोगशाळा पुष्कळदा दुप्पट करून विस्तारित अनिश्चितता कळवितात. तसे असल्यास ती निम्मी करूनच वरील गणितात घ्यावी.

शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. म्हणून औषधनिर्मात्यांनी अहवालात ± चा आकडा आग्रहाने मागावा आणि वैद्यांनी चूर्ण शक्यतो तोलूनच द्यावे, अशी आमची विनंती आहे.