लुगडं, दुपटं, पोतेरं

नऊवारी लुगडं आधी विरतं ते बसण्याच्या जागी. काठ शाबूत असतात, पदर धडधाकट असतो, आणि मधला हातभर भाग मात्र उजेडात धरला की जाळीसारखा दिसतो. तेवढ्यासाठी अख्खं लुगडं टाकायचं कुणाच्या मनातही येत नसे. विरलेला भाग कापून काढायचा, धड राहिलेले तुकडे जोडायचे आणि जोड ओच्यात किंवा निऱ्यांत दडेल असं नेसायचं. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं लग्नाकार्याला चालत नसे, घरात आणि शेतात चाले.

दंडाचंही विरलं की खाली उतरण सुरू. चांगल्या भागातून मुलीचा परकर. त्याहून मऊ झालेल्यातून झबली, दुपटी आणि बाळंतिणीच्या खोलीत ढिगाने लागणारी बाळोती. मग गोधडीचे थर. गोधडीतही न बसणारे तुकडे चुलीपाशी मसोता म्हणून, आणि सगळ्यात शेवटी सारवणाचं पोतेरं. पोतेरं झिजून शेणमातीत मिसळलं की लुगड्याचा हिशेब मिटला.

जुन्या कपड्यांचं शिवणकाम म्हटलं की आपण आजीच्या काटकसरीचे गोडवे गातो. काटकसर होतीच. पण गेल्या ऐंशी वर्षांकडे मागे वळून पाहताना मला वाटतं, निम्मं श्रेय सुताला द्यायला हवं. सुती कापड धुऊन धुऊन मऊ होतं, खळ जाते, सुटणारा रंग सुटून जातो, आणि जितकं जुनं तितकं पाणी छान टिपतं. म्हणून तान्ह्या बाळाला नवं कापड नको, जुनंच हवं. कापड म्हातारं होताना प्रत्येक टप्प्यावर एका नव्या कामाला लायक होत होतं. बायकांनी ते ओळखलं आणि सुई चालवली.

दुसऱ्या महायुद्धात या हुन्नराची कसोटी लागली. गिरण्यांचं कापड लष्कराकडे वळलं, भाव भडकले, आणि 1943 मध्ये सरकारने सूत आणि कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढला. नेमून दिलेल्या भावाचं स्टँडर्ड कापड आलं, रेशनच्या रांगा आल्या. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येई: थोरल्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा धाकट्याला आणि धाकट्याचा गोधडीला. सदऱ्याची कॉलर घासली की उसवून उलटी लावायची, आतली कोरी बाजू बाहेर. धोतर मधून फाटलं की त्याचे पंचे. हे काही कुणी शिकवत नव्हतं, बघून येत होतं.

शिकवण्याची सोय मात्र शहरांत झाली होती. पुण्यात 1909 मध्ये निघालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हा विधवा आणि परित्यक्तांच्या पोटापाण्याचा विषय केला. घरात यंत्र आलं ते बहुतेकांकडे बऱ्याच उशिरा. आधी सिंगर, विलायती आणि हप्त्यावर मिळणारं. मग कलकत्त्याहून उषा. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय घरात काळ्या रंगाचं, सोनेरी नक्षीचं, हाताने फिरवायचं मशीन दिसू लागलं आणि कामाची जातच बदलली. सुईने दंड घालणारी बाई आता मशीनवर अभ्रे, पडदे, पिशव्या काढू लागली. काजं-बटणं तेवढी हातानेच.

पिशवीसाठी सगळ्यात गुणी कच्चा माल म्हणजे जुनी पँट. गुडघा घासला, मागची बाजू विरली, तरी गुडघ्याखालचा भाग नव्यासारखा असतो. तो कापून घ्यायचा. तो मुळातच नळकांड्यासारखा शिवलेला, म्हणजे बाजूच्या दोन शिवणी फुकट. मोरी, म्हणजे पँटची खालची दुमडलेली किनार, हे पिशवीचं तोंड. तिथे नवी पट्टी घालायला नको. कापलेली बाजू उलट करून दोनदा शिवायची, मग तळाचे दोन कोपरे चिमटून तिरपे शिवायचे, की पिशवी जमिनीवर ठेवली तर उभी राहते. कमरेचा पट्टा सोडवून त्याचे बंद. त्यात आत कॅनव्हास असल्याने पाच किलो दळणाने तो ताणत नाही आणि हातालाही रुतत नाही. सत्तरच्या दशकात बेलबॉटम आली आणि फॅशनला नाकं मुरडणाऱ्या घरांनीही तिचा एक फायदा मान्य केला: तेवढ्या घेराची पिशवी दुसऱ्या कुठल्या पँटीत निघत नसे.

पण त्याच पँटीबरोबर घरात टेरिकॉट शिरलं होतं. भारतात 1960 च्या दशकात पॉलिएस्टरचा धागा तयार होऊ लागला आणि दहा-पंधरा वर्षांत टेरिलिनचा शर्ट ही ऐपतीची खूण झाली. इस्त्री नको, सुरकुती नाही, रंग जात नाही, फाटत नाही. नोकरी करणाऱ्या बाईसाठी पॉलिएस्टरची साडी खरोखर वरदान होती, हे आज सुती साड्यांचं कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये. रोज पहाटे पातळाला खळ घालणाऱ्या कुणी हा सौदा आनंदाने केला असेल तर त्यात चूक कसली?

फटका बसला तो उतरणीच्या पुढच्या पायऱ्यांना. गोधडीचं उदाहरण घ्या. ओट्यावर किंवा अंगणात खालचं अस्तर पसरायचं, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर दगड ठेवायचे, मध्ये धोतरं-लुगड्यांचे तुकडे जुळवून थर लावायचे, वर बऱ्यापैकी लुगडं. मग दोघी-तिघींनी कडेकडेला बसून जाड दोऱ्याचा धावदोरा घालत आत आत सरकायचं. बोटभर अंतरावर एकेक ओळ. सुताला सूत धरून राहतं म्हणून थर हलत नाहीत. यात एक जरी थर नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा आला, की तो निसटतो, टाका ताणला जातो, आणि दोन धुण्यांत गोधडीच्या पोटात गोळा होतो. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन आपटून धुण्याची रीत. त्या आपटण्यात ही मिश्र गोधडी टिकत नाही. दुपट्याचं तर विचारूच नका. जे कापड ओल टिपत नाही ते बाळाखाली घालून काय उपयोग? मसोत्यालाही तेच, तव्यापाशी नेलं की वितळून चिकटतं.

म्हणजे कपडे टिकू लागले आणि त्यांचा पुढचा जन्म बंद झाला. न फाटणाऱ्या, कंटाळा आलेल्या साड्या कपाटात साचू लागल्या. त्या साचण्यावर एक अख्खा धंदा उभा होता: बोहारीण.

डोक्यावर टोपलीत नवी कोरी स्टीलची भांडी, काखेत गाठोडं, आणि दुपारच्या झोपेत घुसणारी आरोळी. दाराशी तास तास घासाघीस चाले. “वहिनी, या पँटचा गुडघा बघा की, पार गेलाय. यात डबा नाही बसत, वाटी घ्या.” वहिनींना डबाच हवा असे, तोही झाकणाचा. मग आणखी एक साडी आतून यायची. पितळ जाऊन स्टील आलं त्या काळातल्या कितीतरी फडताळांचा निम्मा संसार असा जुन्या कपड्यांवर आलेला आहे, फक्त तसं कुणी पाहुण्यांना सांगत नाही. हे काम करणाऱ्या बऱ्याच बायका मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या. त्यांनी नेलेला कपडा निवडला जातो. धड असेल तो धुऊन, रफू करून, इस्त्री मारून रस्त्यावरच्या बाजारात पुन्हा विकला जातो. फाटकं सुती कापड कारखान्यात यंत्रं पुसायला जातं. खऱ्या जरीचे काठ वेगळे काढून जाळले की चांदी हाती येते. आपल्याकडे पुनर्वापराची सगळ्यात मोठी यंत्रणा हीच होती, आणि तिला आपण सोसायटीच्या फाटकावर अडवायला लागलो.

दरम्यान मुंबईच्या गिरण्यांत 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची चूल पुन्हा पूर्वीसारखी पेटलीच नाही. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट आणखी मोकळी केली. माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत धडधडत राहिले. कापड स्वस्त झालं, तयार कपडे त्याहून स्वस्त झाले, आणि शिवणाच्या क्लासला जाणाऱ्या मुलीही कमी झाल्या.

तरी नव्वदच्या दशकात एक गमतीचा बहर येऊन गेला: साडीचा पंजाबी ड्रेस. आईची एखादी रेशमी किंवा ‘गार्डन’ कंपनीची साडी, साडेपाच मीटर कापड, त्यात कुडता, सलवार आणि ओढणी बसवायची. काठ बाह्यांना आणि घेराला, पदर छातीवर. हे करताना कळायचं की साडी किती भोगलेली आहे. फॉल उसवला की त्याच्याखाली मूळ रंगाची गडद पट्टी निघे, बाकीची साडी तिच्यापुढे फिकी. रेशमात सुईची भोकं तशीच राहत, पाण्याच्या वाफेनेही पुरती बुजत नसत. जाणती शिंपीण तो भाग नेमका आत माया ठेवायला वापरी. नवशिकी तो पुढच्या गळ्यावर आणून ठेवी. उरलेल्या तुकड्यांचे अभ्रे. आणि साध्या साड्यांचे गाऊन, जे घालून अख्खा महाराष्ट्र सकाळी दूध घ्यायला जिन्यात उभा राहिला.

पिशवीचे दिवस फिरले ते पाण्यामुळे. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरानंतर तुंबलेल्या गटारांचा दोष प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आला आणि 2006 मध्ये राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. 23 जून 2018 पासून मात्र सगळ्याच पिशव्यांवर बंदी लागू झाली, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, आणि भाजीवाले हात वर करून म्हणू लागले, पिशवी आणा. त्या पावसाळ्यात बचत गटांना कापडी पिशव्यांची कामं मिळाली, जुन्या चादरी बाहेर निघाल्या, पँटच्या पिशवीची आठवण झाली.

मग बाजाराने तोडगा काढला. दुकानांत जी ‘कापडी’ पिशवी मिळू लागली ती हातात घेऊन बघा: विणकाम दिसत नाही, बारीक ठिपके ठिपके दाबलेले दिसतात. ते नॉन-वोव्हन, म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. दुसरीकडे नव्याकोऱ्या कापसाच्या, बोधवाक्य छापलेल्या पिशव्या संमेलनांत फुकट वाटल्या जाऊ लागल्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्येच हिशेब मांडला होता: नवी साधी सुती पिशवी प्लॅस्टिकच्या हलक्या पिशवीला हवामानाच्या बाबतीत गाठायची तर निदान 52 वेळा वापरायला हवी, आणि सगळे निकष धरले तर 7,100 वेळा. दुसरा आकडा अतिरेकी वाटतो, एकाच निकषाने तो एवढा फुगला आहे. पण रोख बरोबर आहे. जुन्या पँटच्या पिशवीला हा हिशेब लागूच होत नाही, तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागलेला नाही.

2020 च्या टाळेबंदीत झाकून ठेवलेली मशीनं पुन्हा उघडली. घरी मास्क करा, वापरलेलं सुती कापड घ्या, असा सरकारी सल्ला आला आणि लोकांनी कपाटं धुंडाळली तर सुती असं थोडंच सापडलं: उशीचे अभ्रे, आजीचं एखादं पातळ, रुमाल. इलॅस्टिक तर बाजारातून गायबच झालं, मग कापडाच्या नाड्या. पट्टा ताणलेला, सुईला गंज, पण मशीनं चालली.

त्याच सुमारास शहरांत जुन्याची हौस वाढली. पैठणीच्या पदराची पर्स, इरकलचं जॅकेट, जीन्सची झोळी. जीन्सचं काम मला मनापासून आवडतं, कारण ते अवघड आहे: चार पदरांच्या शिवणीवर घरगुती मशीनची चौदा नंबरची सुई टाके चुकवते, सोळा किंवा अठराची लावावी लागते, आणि शिवण आधी हातोडीने ठेचून घ्यावी लागते. खणाच्या वस्तूंबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. गुळेदगुड्डचा खण सुंदरच, पण दुकानातल्या पुष्कळ पिशव्या खणासारखं दिसणारं नवं पॉलिएस्टर कापून केलेल्या असतात. ठिगळांची नक्षी छापलेल्या चादरीही पाहिल्यात, आत एकही ठिगळ नाही. दिल्लीच्या ‘गूंज’ने 1999 पासून धरलेली वाट मला जास्त पटते, शहरातला जुना कपडा नीट निवडून, त्यातल्या सुतीचे मासिक पाळीचे पॅड आणि उरलेल्याच्या सुजन्या, म्हणजे गोधड्याच. कपडा काय म्हणतो ते आधी ऐकायचं.

आणि त्या न फाटणाऱ्या साड्यांनी अखेर स्वतःचं काम शोधलंच, शिवणाच्या खोलीपासून लांब. सोलापूर, सांगोला, नाशिककडे उन्हाळ्यात जाऊन बघा. डाळिंबाच्या फळांना उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून ओळीच्या ओळी जुन्या साड्यांनी झाकलेल्या असतात, गुलाबी, मोरपंखी, लिंबू. सुती लुगडं तिथे पावसात कुजेल, हिला ओल लागत नाही. शेतकरी त्या किलोवर विकत घेतात, आणि फॉल-पिको केलेली असेल तर जास्त बरी, म्हणतात, वाऱ्याने काठ उसवत नाही.