कीट्स : रुग्णशय्येजवळची कविता

जॉन कीट्स हा आपल्याच व्यवसायातला कवी. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात तो ड्रेसर होता. १८१६ मध्ये त्याने वैद्यकीचा परवानाही मिळवला. आई १८१० मध्ये क्षयाने गेली होती. डिसेंबर १८१८ मध्ये धाकटा भाऊ टॉम त्याच रोगाने गेला. त्याची शुश्रूषा कीट्सनेच केली. पुढच्याच वसंतात, हॅम्पस्टेडच्या बागेत, ‘ओड टू अ नाइटिंगेल’ जन्मली. तिच्यातील पक्ष्याच्या आनंदगानाशेजारी खंगत जाणारे तारुण्य उभे आहे, ते उगाच नव्हे. १८२० मध्ये खोकल्यातले रक्त पाहताच त्याने स्वतःचे भवितव्य ओळखले. १८२१ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, रोम येथे तो निवर्तला. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये. हाती औषध नसतानाही रुग्णाजवळून न उठणारी दृष्टी, हेच या कवितेचे वैद्यक होय.